की-वर्डची भाजणी

साहित्य : फोन एक (काच तडकलेली चालेल), वही एक, रोज दोनशे रुपये जळाले तरी घरात वास येणार नाही असं बँकेतलं खातं, विकायला काहीतरी, आणि स्वतःच्या भाषेचा अभिमान चवीपुरता. शेवटचा जिन्नस आमच्या हातून जरा सढळ पडला, म्हणून ही कृती लिहून ठेवतो आहे.

आमच्याकडे विकायला होता आत्याचा फराळ. आत्या राहते ग्वाल्हेरला, लष्करात. म्हणजे दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये जिथे फौजेचा तळ टाकला आणि जो मग कधी उठलाच नाही, तिथे. त्या तळाबरोबर आलेली मराठी घरं अजून आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच घरांची दिवाळी आत्याच्या कढईतून निघते. पण पोरं पुण्या-बंगळुरूला गेली, आणि मागे राहिलेल्यांना डॉक्टरांनी तळकट बंद केलं. तेव्हा गिऱ्हाईक वाढवायचं तर हिंदी बोलणाऱ्या ग्वाल्हेरातून, आणि तेही गूगलवर जाहिरात देऊन, असं आतोबांनी झोपाळ्यावर बसून ठरवलं. कॉम्प्युटरचं काम भाच्याकडे आलं. भाचा म्हणजे मी.

नवशिक्याला आधी हा धंदा काय आहे ते कळायला हवं. ग्वाल्हेरचा मेळा माधवराव शिंद्यांनी १९०५ मध्ये सुरू केला, तो अजून दर हिवाळ्यात भरतो. तिथे दुकान लावलं की जागेचं भाडं आधी द्यायचं, मग गर्दी येवो न येवो. शोधावरच्या जाहिरातीत उलटं आहे. दुकान मांडायला पैसे नाहीत, पाटी लावायला नाहीत, पाटीकडे दिवसभर कुणी टक लावून बघत बसला तरी नाहीत. उंबऱ्याच्या आत पाऊल पडलं, म्हणजे जाहिरातीवर क्लिक झालं, की मात्र मीटर पडतं. आत आलेला माणूस चकली घ्यायला आलाय की पत्ता विचारायला, हे मीटर बघत नाही. ही युक्ती बिल ग्रॉस नावाच्या अमेरिकन माणसाने १९९८ मध्ये ‘गोटू’ या शोधयंत्रावर चालवून दाखवली. गूगलने ऑक्टोबर २००० मध्ये साडेतीनशेच्या आसपास जाहिरातदार घेऊन आपलं ‘अ‍ॅडवर्ड्‌स’ सुरू केलं, पण क्लिकमागे पैसे घ्यायला लागले ते २००२ पासून. २०१८ मध्ये नाव बदलून ‘गूगल अ‍ॅड्‌स’ झालं. एवढा इतिहास पुरे. कढई तापली आहे.

कृती. वही उघडा, आणि आपल्या मालाला आपण काय म्हणतो ते सगळं लिहून काढा. मग ते पान काळजीपूर्वक फाडून ठेवून द्या.

आम्ही फाडलं नाही. आमच्या पानावर होतं : दिवाळीचा फराळ, खमंग भाजणीची चकली, ओल्या नारळाच्या करंज्या, खुसखुशीत कडबोळी, चिरोटे. आत्याने चष्मा लावून ऱ्हस्व-दीर्घ तपासले आणि मी यादी तशीच्या तशी जाहिरातीच्या खात्यात चढवली, एकदा देवनागरीत आणि एकदा इंग्रजी अक्षरांत. हे शब्द म्हणजे की-वर्ड : कुणी ते शोधले की आपली जाहिरात पुढे येते. दिवाळीच्या आधी हात बसावा म्हणून मुहूर्त धरला नवरात्राचा.

क्लिक आले, आणि भराभर आले. आतोबांनी पेढे आणायला माणूस पाठवला. फोनही वाजू लागला. पहिल्याच बाईंनी विचारलं, “सेंधा नमक में बनाते हैं ना?” आत्या म्हणाली, नाही, साध्या मिठात. “और कुट्टू का आटा?” आत्या म्हणाली, भाजणीत तांदूळ आहे, हरभऱ्याची डाळ आहे, उडीद आहे. पलीकडच्या बाईंनी असा श्वास घेतला की आत्याला वाटलं आपण त्यांना नवरात्रात बाटवलंच.

भानगड अशी की ‘फराळ’ हा शब्द ‘फलाहारा’तूनच आला आहे. मराठीत त्याने दोन संसार मांडले : एक उपासाचा, साबुदाण्याचा, दुसरा दिवाळीचा, भरपूर तेलातुपाचा. आमच्याकडे कोणता फराळ ते महिन्यावरून कळतं. मध्य प्रदेशात मात्र फलाहारी म्हणा, फरियाली म्हणा, सगळा कारभार उपासाचा. आणि आम्ही इंग्रजी अक्षरांत सैल सोडलेला ‘फराळ’ ऐन नवरात्रात शिंगाड्याचं पीठ शोधणाऱ्या भाविकांपुढे जाऊन उभा राहत होता. पेढे तोवर संपले होते.

म्हणून दुसरं पान. इथे आपल्या मालाला *बाकीचे* काय म्हणतात ते लिहायचं, आणि लिहिताना नाक मुरडायचं नाही. शंकरपाळ्यांना इथे शकरपारे म्हणतात, अनारशांना अनरसे. पुरणपोळीतला ‘ळ’ नर्मदेच्या या काठाला टिकत नाही. ती ‘पूरन पोली’ होते. करंजीचं जरा नाजूक आहे. तिची इथली बहीण गुजिया. पण तिच्या पोटात खवा असतो आणि ती येते होळीला. म्हणजे ‘गुजिया’ या शब्दावर आश्विनात पैसे लावणं म्हणजे श्रावणात तिळगूळ विकायला बसणं. कोणता शब्द कोणत्या महिन्यात फुलतो हे गूगल ट्रेंड्‌सवर फुकट बघायला मिळतं. गेल्या पाच वर्षांचा आलेख काढला की होळीचा उंचवटा डोळ्यांत भरतो. कडबोळ्यांना हिंदीत शब्दच नाही. त्यांच्याकडे आपण परत येऊ.

एकाच वस्तूची तीन नावं असतात याचं ग्वाल्हेरकराला खरं तर नवल वाटू नये. आमच्या राजघराण्याचंच बघा. मराठीत शिंदे, हिंदीत सिंधिया, आणि इंग्रजीत ज्यातला ‘सी’ कुणीच उच्चारत नाही असं स्पेलिंग. तरी गावातल्या एका भागाचं नाव अजून ‘शिंदे की छावनी’. म्हणजे एका घराण्यासाठी निदान तीन की-वर्ड, आणि चौथा रिक्षावाल्यासाठी. हे माहीत असलेला माणूस ‘खुसखुशीत’ या शब्दावर पैसे लावतो, याला काय म्हणावं!

शब्द शोधायला लांब जावं लागत नाही. गूगलच्या चौकटीत ‘चकली’ लिहून थांबा. ती खाली स्वतःहून शेपट्या लावून दाखवते : चकली बनाने की विधि, चकली का साँचा, चकली मशीन. त्या सगळ्या वहीत उतरवा. कशासाठी ते पुढे येईल. महाराज बाड्यावरून नया बाजाराकडे जाताना मिठाईच्या दुकानाशी पाच मिनिटं उगाच रेंगाळा आणि लोक काय मागतात ते ऐका. पण सगळ्यांत मोठा खजिना आत्याच्या फोनमध्ये निघाला. गेल्या दोन वर्षांत शेजारच्या हिंदी घरांतून आलेले निरोप आम्ही एका दुपारी वाचून काढले. ‘दीदी वो गोल गोल वाली फिर भेजना.’ ‘आंटी महाराष्ट्रियन नमकीन मिलेगा क्या.’ ‘घर का बना है ना?’ हे तिसरं वाक्य वेगवेगळ्या माणसांनी इतक्या वेळा विचारलं होतं की मी त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या. आत्याने ‘नमकीन’वर हरकत घेतली. “नमकीन म्हणजे पुड्यातलं. माझी चकली नमकीन आहे होय?” पान नंबर एक अजून फाडलेलं नव्हतं, ते असं मधूनमधून बोलत होतं.

गूगलचा की-वर्ड प्लॅनर हे पुढचं भांडं. फुकट आहे; मात्र खात्यातून फारसा खर्च होत नसेल तर तो नेमका आकडा सांगत नाही, पट्टा सांगतो : महिन्याला १० ते १००, १०० ते १,०००. लग्नाला किती पानं वाढायची असं विचारल्यावर ‘शंभर ते हजार’ म्हणणारा आचारी आपण त्याच दिवशी बदलू. इथे बदलता येत नाही. तेव्हा त्या आकड्यांकडे आकडे म्हणून न बघता उतरंड म्हणून बघा. कोणता शब्द मोठा, कोणता लहान, एवढंच. आणि लहान शब्दाला कमी लेखू नका. ‘मिठाई’ म्हणणाऱ्याला काय हवंय ते त्याचं त्यालाच ठाऊक नसतं. ‘चकली ऑर्डर ग्वालियर’ म्हणणाऱ्याला भूक लागलेली असते.

काही शब्दांसमोर मात्र काहीच नसतं. आमच्या ‘कडबोळी’ची स्थिती खात्यात अशी लिहून आली की शोध फार कमी, शब्द तूर्त झोपलेला. आतोबा खट्टू झाले. मी त्यांना किल्ल्याच्या चढणीवरच्या चतुर्भुज मंदिराची आठवण करून दिली. एकाच खडकात कोरलेलं ते छोटं देऊळ, आणि आत इसवी सन ८७६ चा शिलालेख. त्यात देवाच्या बागेची लांबी २७० हात आणि रोज द्यायचे ५० हार, हे आकडे स्वच्छ गोल शून्य काढून लिहिले आहेत. जगातल्या सर्वांत जुन्या शून्यांमध्ये ते मोजले जातात. ज्या गावाने शून्य दगडावर कोरून ठेवलं, त्या गावच्या माणसाने शून्य क्लिकांना घाबरू नये. आतोबा म्हणाले, तिथे शून्याच्या आधी पाच होता.

आता चाळण्या. नवशिक्याचे सर्वांत जास्त पैसे इथे सांडतात, म्हणून जरा सावकाश. शब्द नुसता लिहिला तर तो मोठ्या भोकांच्या चाळणीतून जातो : त्याच्याशी लांबून नातं असलेलं काहीही आत येतं. दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं घातली की मधली चाळणी : शोधात त्या शब्दाचा अर्थ असायला हवा, मागेपुढे आणखी काही चालेल. चौकोनी कंसात घातला की मैद्याची चाळणी : तोच अर्थ, तोच हेतू. मैद्याच्या चाळणीतूनही कधीकधी रवा पडतो. एकवचन-अनेकवचन, चुकलेलं स्पेलिंग, समानार्थी शब्द ती आपण होऊन आत घेते. पण निदान खडे येत नाहीत. सुरुवात शेवटच्या दोन चाळण्यांनी करा. मोठी चाळणी पैसेवाल्यांची. तिच्यातून नवे शब्द सापडतात हे खरं, पण ते तुमच्या खर्चाने. आमची ‘चकली’ मोठ्या चाळणीतून थेट चकला-बेलनापर्यंत जाऊन आली. लाटायच्या पोळपाटासाठी आलेल्या तीन माणसांनी आमच्या संकेतस्थळाच्या पानावर चकलीचे फोटो पाहिले, आणि आम्ही तिघांचेही पैसे भरले.

हे कळलं कुठून? ‘सर्च टर्म्स’ नावाच्या अहवालातून. आपण लावलेला शब्द वेगळा आणि लोकांनी खरोखर लिहिलेला वेगळा, तो खरा तिथे दिसतो (सगळे दिसत नाहीत, फार थोड्या लोकांनी लिहिलेले झाकून ठेवतात). हा अहवाल पहिल्या आठवड्यात रोज वाचा, आणि तांदूळ निवडायला बसल्यासारखे खडे वेचा. खडा म्हणजे नकारी शब्द : हा शोधात असेल तर आमची जाहिरात दाखवू नका. विधि, रेसिपी, साँचा, मशीन, फोटो, नौकरी, व्रत, बेलन. मघाशी वहीत उतरवलेल्या शेपट्या इथे कामाला येतात. एक ध्यानात ठेवा : नकारी शब्दाला समानार्थी शब्द कळत नाहीत. ‘विधि’ला नको म्हटलं म्हणून ‘रेसिपी’ थांबत नाही, आणि देवनागरीतल्या ‘विधि’ला अडवलं म्हणून इंग्रजी अक्षरांतली अडत नाही. सगळं दोन्ही लिप्यांत लिहायचं. कंटाळवाणं काम आहे; दुपारी आडवं पडून होतं.

गावाचं नाव भरतानाही घाई नको. ‘ग्वाल्हेर’ निवडलं की आपल्याला वाटतं झालं. पण मूळ मांडणीत त्याचा अर्थ ‘ग्वाल्हेरात असलेले किंवा ग्वाल्हेरमध्ये रस असलेले’ असा असतो. रस असलेल्यांत जयविलास महालातली जेवणाच्या टेबलावरची चांदीची रेल्वे बघायला निघालेला नाशिकचा माणूसही येतो. त्याला आत्याच्या अनारशाचं कौतुक जरूर वाटेल, पण तो आपल्या घरी बसून. ‘फक्त तिथे असलेले’ हा पर्याय खाली दडलेला असतो, तो निवडा. मुरार, हजिरा, ठाटीपूर एवढं पुरे. जिथे सायकलवरून डबा पोचतो तिथपर्यंतच जाहिरात पोचवावी.

आता पहिला घाणा.

चकल्या करणाऱ्या कुठल्याही बाईला हे शिकवावं लागत नाही. सगळं पीठ भिजवून एकदम तळायला कुणी घेत नाही. एक चकली पाडायची, तेलात सोडायची, बघायची. विरघळली तर मोहन जास्त, कडक झाली तर कमी. मग पीठ सुधारायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तेल, मोहन आणि आच तिन्ही एकदम बदललं तर कशाने बिघडलं ते कळत नाही. चाचणी म्हणजे एवढंच. मी दोन दिवस व्हिडिओ बघून जे शिकलो ते आत्याने स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं होतं.

फरक एका ठिकाणी आहे. चकली एका तळणात खरं सांगते, शब्द सांगत नाही. हिशेब करू. एका डब्यामागे सगळा खर्च जाऊन दीडशे रुपये सुटतात, आणि वीस माणसं पानावर आली तर एक डबा जातो असं धरा. म्हणजे एका क्लिकला साडेसात रुपयांवर द्यायचे नाहीत. त्याच्यावर गेलात तर तुम्ही फुकट चकल्या वाटताय. आता एका शब्दावर वीस क्लिक झाले आणि डबा एकही गेला नाही. शब्द वाईट? छे. विसात एक जाणारा चांगला शब्दसुद्धा पहिल्या वीस क्लिकांत कोरा जाण्याची शक्यता छत्तीस टक्के आहे. साठ क्लिक कोरे गेले तर मात्र ती पाचाच्या खाली येते. तेव्हा खुशाल काढून टाका. आतोबांनी चार क्लिकांनंतर निकाल दिला होता. चार कोऱ्या क्लिकांवरून शब्द काढायचा तर आमच्या घरातले निम्मे जावई परत पाठवावे लागले असते.

बजेटचंही सांगून ठेवतो, म्हणजे घरात आरडाओरडा नको. रोज दोनशे ठरवले म्हणून रोज दोनशेच जातील असं नाही. एखाद्या दिवशी दुपटीपर्यंत, म्हणजे चारशे जाऊ शकतात. महिन्याची बेरीज रोजच्या आकड्याच्या ३०.४ पटीच्या वर जात नाही. हे नियमात लिहिलेलं आहे. आम्ही नियम नंतर वाचला. आणि जास्त बोली लावली की वरची जागा मिळते हेही अर्धंच खरं. शब्द, जाहिरात आणि आतलं पान यांचा एकमेकांशी मेळ किती, याचे एक ते दहा गुण असतात. गुण चांगले असले की कमी पैशांत वर बसता येतं. आमच्या पानावर सुरुवातीला वाड्याच्या कमानीचा फोटो आणि पूर्वजांची माहिती होती. ती खाली सरकवून वर चकली आणि किंमत आणली. दोनाचे गुण सहा झाले. पूर्वज काही बोलले नाहीत, आतोबा दोन दिवस बोलले नाहीत.

मग दिवाळी आली आणि डबे धडाधड गेले. मला वाटलं जाहिरात लागू पडली. आत्याला वाटलं हाताला यश आलं. धनत्रयोदशीच्या आठवड्यात ग्वाल्हेरात काहीही खपतं, हे दोघांनीही डिसेंबरात मान्य केलं. सणातल्या आकड्यांवरून वर्षाचे शब्द ठरवू नका. थंडीत, जेव्हा लोकांच्या तोंडी फक्त गजक असते, तेव्हा जो शब्द दोन डबे काढून देतो तो खरा.

असे शब्द शेवटी दोन निघाले. ‘घर का बना नमकीन’, गावाच्या नावासकट, अवतरणचिन्हांत. आणि ‘चकली ऑर्डर’, चौकोनी कंसात. पहिल्या पानावरचा एकही नाही. आत्या आता फोनवर स्वतःच “हाँ जी, घर का बना नमकीन” म्हणते, आणि फोन ठेवून आमच्याकडे बघत नाही.

तुमच्याकडे लोणची असोत, शिकवण्या असोत नाहीतर हार्मोनियमची दुरुस्ती, पहिल्या महिन्याला काही हजार जातील असं धरून चाला आणि ती रक्कम वहीत ‘शिकवणी’ या खात्यावर मांडा. ‘घरखर्च’ खाली मांडलीत तर महिनाअखेर उत्तरं द्यावी लागतील.

आणि हो, कडबोळी. हा शब्द आमच्या खात्यात अजून आहे. आत्याने काढू दिला नाही. स्थिती : शोध फार कमी. क्लिक : ०. खर्च : आजतागायत ० रुपये.